पावडरची दुसरी डबी

हिरा, तुला जाऊन आज पंधरा दिवस झाले आणि मी तुझ्यावर अजून चिडलेलो आहे. वाद रंगात आला की धोतर झटकून उठायचं आणि "उद्या बोलू" म्हणून घरात शिरायचं, ही तुझी लहानपणापासूनची खोड. या वेळीही तेच केलंस. दसऱ्याला भांडण अर्धं टाकून गेलास, दिवाळी दुखण्यात घालवलीस, आणि नंतर उद्या काही आलाच नाही.

तू कधी जन्मलास, किती वर्षं कंपाउंडर होतास, मागे कोण कोण आहे, हे सगळं तुझ्या सुनीलने पेपरात दिलंय. फोटो मात्र तुझ्या लग्नातला दिलाय. त्यात तू इतका गरीब दिसतोस की रनाळ्यातल्या निम्म्या लोकांना ओळखच पटली नाही. ते असो. मला ते लिहायचं नाही. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी बासष्ट वर्षं सांगितली नाही. रोज समोरासमोरच्या ओट्यांवर बसून सांगितली नाही. तिच्यात तुझं नुकसान झालं, माझ्या नारायणकाकांचं नाव खराब झालं, आणि मी मात्र दोघांच्या मध्ये बसून सुपारी कातरत राहिलो.

आणखी एक. तुझ्याशी मी जन्मभर अहिराणीत बोललो आणि हे लिहितोय शाळेतल्या मराठीत. मास्तरकीची सवय, दुसरं काय! तू वाचलं असतंस तर म्हणाला असतास, "आरे भो, मन्हावर निबंध लिखी ऱ्हायना का?"

दसऱ्याचं भांडण माझ्या नातवावरून सुरू झालं होतं. तो नाशिकहून आला होता, तोंड पाडून. त्याच्याकडे टीव्हीला जोडायचं खेळाचं एक मशीन आहे आणि त्याच्या जिवलग मित्राकडे दुसऱ्या कंपनीचं. याचा खेळ त्यावर चालत नाही, त्याचा यावर नाही. वर्गात दोन तट पडलेत. कोणाचं मशीन भारी यावरून दोघं मित्र तीन महिने बोलत नाहीत. पोरगा मला म्हणाला, "आजोबा, तुम्हाला नाही कळणार." तू पलीकडच्या ओट्यावरून इतका मोठ्याने हसलास की त्याला वाटलं, म्हाताऱ्याला ठसका लागला.

आपल्याला नाही कळणार! अरे, महाराष्ट्र राज्य व्हायच्या आदल्या वर्षी या गल्लीत हेच चाललं होतं. फक्त वायर नव्हती.

तेव्हा नंदुरबार हा वेगळा जिल्हा नव्हता, आणि आपण सातवीच्या फायनलला. तुझे वडील, तात्या, सारंगखेड्याच्या जत्रेत बैल बघायला गेले. बैल काही पटला नाही. येताना गाडीत कॅरम बोर्ड घेऊन आले. तात्यांनी आयुष्यात खेळण्यावर पैसा घातला तो तेवढाच. कशाला घेतला ते त्यांनाही सांगता आलं नाही. विचारलं की म्हणायचे, "देखावाले चांगला वाटना." त्या दिवसापासून तुझ्या ओट्यावर गर्दी. तेरा-चौदा-पंधरा वर्षांची सगळी पोरं शाळा सुटली की दप्तर घरी फेकून तुझ्याकडे. मी पण.

माझ्या पोटात दुखलं, कबूल करतो. मी आईच्या मागे लागलो, आईने तिच्या भावाला पत्र घातलं, आणि दोन महिन्यांनी मामा सुरतहून बगाटेल घेऊन आले. लांबडी फळी, वरून कमानीसारखी गोल, पितळेच्या खिळ्यांचं रान, खाली स्प्रिंगचा दांडा. दांडा ओढून सोडला की लोखंडी छर्रा वर जायचा आणि खिळ्यांवर टणटणत खाली यायचा. कुठल्या घरात अडकतो तितके गुण. बगाटेल हे नाव कोणाच्याच तोंडी बसेना. पोरांनी त्याचा 'खटका' केला. आठ दिवसांत तुझ्या ओट्यावरची निम्मी पोरं माझ्या ओट्यावर आली.

गल्लीची रुंदी म्हणजे एक बैलगाडी जाईल इतकीच. त्यामुळे तुझी पोरं आणि माझी पोरं एकमेकांना ऐकू जाईल असंच बोलायची. आखाजीला, शाळेतल्या मराठीत अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडच्या बाया नदीच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्या घालतात, तसंच. तुझ्याकडून यायचं, "खटका म्हंजे नशीब! आंधळा बी खेळी लेस!" माझ्याकडून जायचं, "तुमना कॅरम म्हंजे बायकास्नं काम, टिचक्या मारानं!" तुझी आई दारातून ओरडायची, "काय बोली ऱ्हायनात रे मेल्याहो!" आणि दोन्ही ओटे दोन मिनिटं गप्प.

पोरं इकडून तिकडे उड्या मारायला लागली तेव्हा तूच तो नियम काढलास. तुमच्या घरी दोन सालदार होते. आपल्याकडे आखाजीला सालदाराचं साल संपतं आणि नवं धरतं. एकदा एका मालकाकडे साल धरलं की पुढच्या आखाजीपर्यंत दुसरीकडे जायचं नाही, मग मालक कसाही असो. तू म्हणालास, आपलंही तसंच. ज्याला कॅरम पाहिजे त्याने कॅरमचं साल धरायचं, ज्याला खटका त्याने खटक्याचं. मध्येच ओटा बदलला तर कुठेच खेळायचं नाही. मारुतीच्या पारावर सगळ्यांना उभं करून, खऱ्या सालदारासारखा प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवून तू साल लावलंस. तुझे अकरा, माझे नऊ. ते दोन जास्त होते, ते मला अजून बोचतं. बघ, आजही आकडा लक्षात आहे.

तू चांगला खेळायचास. हे तुला तोंडावर मी कधी म्हणालो नाही, म्हणून आता म्हणतो. कॅरमवर तुझं बोट पडायचं ते बघत राहावं असं. मिरच्या तोडून आलेला हात तू तीनदा राखेने धुवायचास, मग बोट जिभेला लावून बघायचास, झोंबलं तर परत धुवायचास, आणि मगच स्ट्रायकरला हात लावायचास. बाकीचे तसेच बसायचे आणि डाव अर्ध्यात सोडून डोळे चोळत रांजणाकडे पळायचे. राणी घ्यायची असली की तू श्वास रोखून धरायचास. माझ्या ओट्यावरून मला ते दिसायचं. छर्रा माझ्या फळीवर टणटणत असायचा आणि माझी नजर तुझ्या बोटाकडे.

कॅरमला पावडर लागते. जत्रेतून बोर्डाबरोबर आलेली पुडी पावसाळ्याआधीच संपली. रनाळ्यात बोरिक पावडर कुठली मिळायला! तू माझ्याकडे आलास. भांडण भांडणाच्या जागी, गरज गरजेच्या जागी. म्हणालास, "शांत्या, तुन्हा काका दवाखानामा शे ना? त्यास्ले सांग, एक डबी धाडी द्या."

माझे नारायणकाका तेव्हा नंदुरबारला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. मी चिठ्ठी लिहिली आणि काकांनी स्वतःच्या खिशातून विकत घेऊन एक डबी पाठवली. ती मी तुला दिली. इथपर्यंत मी चांगलाच माणूस होतो.

पोळ्यानंतर ती संपली. तू परत सांगितलंस, मी परत चिठ्ठी लिहिली. या वेळी डबी बाजाराच्या गाडीतून आली, आईच्या हातात पडली, आईने माझ्या हातात दिली. पत्र्याची, गोल, झाकणावर लाल अक्षरं. मी ती घेऊन तुझ्याकडे निघालोही होतो. दारातून बघितलं तर तुझ्या ओट्यावर हशा उसळलेला. माझ्या नऊजणांतले दोघं साल मोडून तुझ्याकडे जायचं म्हणत होते आणि तू त्यांना सांगत होतास, "आखाजीलगून थांबा, मंग या." म्हणजे तू नियमानेच वागत होतास. पण माझी पोरं तुझ्याकडे यायला बघतात, एवढंच मला दिसलं. मी मागे फिरलो आणि डबी स्वयंपाकघरातल्या फळीवर तेलाच्या बुधल्यामागे ठेवली. वाटलं, चार दिवस चिडू दे त्याला, मग देऊ.

चौथ्या दिवशी तू विचारलंस, "काका काय बोलना?"

मी म्हणालो, "संपी गयी म्हने. आते नई भेटाव."

"कंजूष शे तुन्हा काका," तू म्हणालास. मी मान हलवली. हो हिरा, मी नुसता गप्प नाही बसलो. मान हलवली.

मग तुझे प्रयोग सुरू झाले. राख टाकून पाहिलीस, सोंगट्या काळ्याठिक्कर पडल्या. रांगोळी टाकलीस, बोर्डावर चरे उठले. शेवटी तू ज्वारीचं पीठ आईच्या जुन्या लुगड्याच्या पदरातून गाळून काढलंस आणि ते काय चाललं म्हणतोस! सोंगटी अशी पळायची की आमच्याकडच्या पोरांनी माना वळवल्या. महिनाभर तुझ्या ओट्यावर दिवाळी होती. तुझी आई विचारत फिरायची, "मन्हं पीठ कथं जाई ऱ्हायनं?" आणि तू पांढऱ्या कोपरांनी निरागसपणे म्हणायचास, "उंदीर खाई ऱ्हायनात."

तेच झालं. बोर्ड संध्याकाळी तू घरात नेऊन दाण्याच्या कणगीला टेकवून ठेवायचास. पीठ बोर्डाच्या कडांत, कोपऱ्यातल्या जाळ्यांत, चऱ्यांत शिरलेलं. दिवाळी झाली आणि एका सकाळी तुझ्या घरातून काहीच आवाज आला नाही. मी गल्ली ओलांडून आलो. उंदरांनी एक कोपरा अख्खा खाल्ला होता. जाळीची दोरी गायब, कड कुरतडून वीतभर आत गेलेली, आणि वरच्या फळीला मधोमध पापुद्रे सुटलेले. तू गुडघ्यावर बसून ते पापुद्रे बोटाने दाबून बसवत होतास. तात्या मागे उभे होते.

तात्या मारतील असं मला वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं, चार दिवसांत विसरला असतास. त्यांनी नुसतं बघितलं, पीठ बोटाला लावून चाखलं, आणि आईला म्हणाले, "झाकन करा त्यानं." झालं. जत्रेतून आणलेला कॅरम तुमच्या पाण्याच्या रांजणावर झाकण म्हणून गेला. त्याच्या कोपऱ्यातल्या भोकांतून माश्या पाण्यात पडायच्या म्हणून तुझ्या आईने त्यात चिंध्यांचे बोळे कोंबले. तू रोज तिथून पाणी प्यायचास. तात्यांनी त्यानंतर तुला कधी काही आणलं नाही. तू मागितलंही नाहीस.

मी त्या दिवशी घरी येऊन डबी पाहिली. होती तिथेच होती. तेव्हा तरी सांगायचं होतं. पण आता सांगितलं तर बोर्ड थोडाच परत येणार, असं मी स्वतःला समजावलं. पोरवयात माणूस स्वतःला किती छान समजावतो! म्हातारपणीही समजावतो म्हणा.

याच्या पुढचं तुला माहीत आहे. तू ते जन्मभर सगळ्यांना हसत हसत सांगितलंस. चार दिवस गेले आणि तू माझ्या ओट्याच्या पायरीशी येऊन उभा राहिलास. तुझी अकरा पोरंही तुझ्या मागे. म्हणालास, "माले बी खेळू दे." आणि मी, खटक्याचा मालक, मांडी घालून बसलेला, म्हणालो, "तुन्हं साल पुरं व्हयनं नई. नियम तूच करेल शे ना? आखाजीलगून थांब."

मला वाटलं, तू भांडशील. तू म्हणालास, "ठीक शे," आणि जाऊन समोर आपल्या ओट्यावर बसलास. तुझे अकराच्या अकरा आठवड्याभरात नियम मोडून माझ्याकडे घुसले. मीही डोळेझाक केली, गर्दी कोणाला नको असते! तू तेवढा आला नाहीस. मार्गशीर्ष, पौष, माघ. मिरच्या वाळल्या, भरल्या, गाड्या गेल्या. तू संध्याकाळी ओट्यावर बसून आमच्याकडे बघायचास. कधी अंगणात वाळवणाची राखण, कधी दोरी वळणं, पण बघायचास. मीच एकदा म्हणालो, "ये आते, बस झालं." तू म्हणालास, "साल पुरं करस." तुझ्या त्या हट्टाचा मला इतका राग यायचा! आज कळतं, राग तुझा नव्हता.

आखाजीला तू आंघोळ करून, नवीन सदरा घालून आलास, हात पुढे केलास. मी गुळाचा खडा ठेवला. आणि गंमत बघ, महिनाभरात खटक्याचा जीव गेला. समोर कॅरम नाही, शिव्या नाहीत, कोणाला हरवायचं नाही. नुसता छर्रा टणटणतो आणि कुठेतरी पडतो. पोरं एकेक करून विहिरीवर पोहायला गेली. शेवटी तू आणि मी दोघंच उरलो. तू खटका वाईटच खेळायचास, पण साल धरलं म्हणून रोज खेळायला यायचास.

मग तू चिंचपाड्याच्या दवाखान्यात शिकायला लागलास आणि कंपाउंडर झालास, मी मास्तर झालो. पहिल्या पगाराच्या दिवाळीला तू माझ्या शाळेत आलास. साठ सालानंतरची ती वर्षं, शाळेत एक कॅरम आलेला. तू पिशवीतून कागदाची पुडी काढलीस, टेबलावर ठेवलीस आणि सगळ्या मास्तरांसमोर म्हणालास, "घे. तुन्हा काकानी दिन्ही नई, मी देस." सगळे हसले. मी पण हसलो. त्यानंतर एक दिवाळी चुकवली नाहीस. माझी बदली झाली तरी पुडी पोचली. आपण दोघं निवृत्त होऊन परत या गल्लीत आलो तरी पुडी, गल्लीतल्या पोरांसाठी. आणि दरवर्षी तेच वाक्य.

नारायणकाका वारले तेव्हा तू सुट्टी काढून आलास, खांदा दिलास. परतताना मला म्हणालास, "मानूस चांगला व्हता. पन पावडर काई दिन्ही नई त्यानी." तू चेष्टेत म्हणालास, दुःख हलकं करायला. पण हिरा, त्या माणसाने दोन डब्या आपल्या खिशातून घेऊन पाठवल्या होत्या, आणि त्याच्या चितेपासून वीस पावलांवर मी त्याचं नाव कंजूष म्हणून राहू दिलं. एक वाक्य बोलायचं होतं. मला ते जमलं नाही.

का जमलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. तू मला माफ केलं असतंस हे मला पक्कं माहीत होतं. भीती त्याचीच होती बहुतेक. तू हसून सोडून दिलं असतंस आणि पुढच्या दिवाळीलाही पुडी आणली असतीस. त्या पुडीकडे मी कुठल्या तोंडाने बघितलं असतं?

दसऱ्याला मी ठरवलं होतं. नातवाच्या मशीनवरून तू खटका-कॅरम काढलंस, मी म्हणालो खटक्यातही हात लागतो, स्प्रिंग किती ओढायची ते कळावं लागतं. तू म्हणालास, "नशीब!" मी म्हणालो, थांब, तुला काहीतरी सांगायचंय त्या कॅरमचं. तू उठलास, धोतर झटकलंस, "उद्या बोलू."

दहाव्याला तापीकाठच्या प्रकाशा गावी गेलो. डबी खिशात होती. हो, डबी आहे अजून. पावडर दगड होऊन गेली होती, आईने ती फेकून त्यात गुंड्या ठेवल्या, आई गेल्यावर डबी माझ्याकडे आली. मी ठरवलं होतं, पिंड ठेवल्यावर कावळा शिवला नाही, लोक एकमेकांची तोंडं बघायला लागले, सुनील हे करतो ते करतो म्हणायला लागला, की आपण पुढे व्हायचं आणि सगळ्यांदेखत सांगायचं. हिरा त्याशिवाय जायचा नाही. मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. आणि तू काय केलंस? सुनीलने पत्रावळ ठेवून दोन पावलं मागे घेतली न घेतली तोच कावळा आला, भाताचा गोळा उचलला आणि गेला. लोक म्हणाले, सुखाने गेला, काही राहिलं नव्हतं त्याचं. मी खिशात हात घालून तसाच उभा. तुझं काहीच अडलं नव्हतं, हिरा. मी मात्र फार रडलो. लोकांना वाटलं, मित्रासाठी रडतोय. खरंच तुझ्यासाठीही रडलो.

परत आल्यावर तुझ्या घरी टेकलो. वहिनी आत गेल्या आणि एक पुडी घेऊन आल्या. म्हणाल्या, "भाऊ, हाई तुमनी शे. दिवाळीआधीच बांधी ठेयेल व्हती त्यास्नी." वर तुझं कंपाउंडरी अक्षर. औषधाच्या पुडीवर लिहायचास तसंच लिहिलेलं: 'शांता मास्तर. काकासारखं करू नको. पोरांना दे.'

मग मला राहवेना. मी डबी काढली आणि वहिनींपुढे ठेवली. सगळं सांगितलं. बुधल्यामागची फळी, "संपी गयी म्हने", मान हलवलेली, सगळं. काकांनी पाठवली होती, मी दिली नाही, हे दोनदा सांगितलं, सुनीलला नीट ऐकू जावं म्हणून. वहिनींनी डबीचं झाकण उघडलं, गुंड्या बघितल्या, परत लावलं. सुनील खाली बघत होता.

तुझ्या घरात लबाडीला काय शिक्षा असायची ते मी विसरलो होतो. पत्त्यात, सागरगोट्यांत, कशातही पोराने लबाडी केली की तू एकच सांगायचास. वहिनींनी पदराने डोळे पुसले, पण तोंडावर हसू होतं, म्हणजे मला तरी तसं वाटलं.

"मंग भाऊ," त्या म्हणाल्या, "आते आखाजीलगून बाहेर बठा."

मी डबी तिथेच ठेवली, पुडी सुनीलच्या हातात दिली आणि उठलो. बाहेर येऊन तुझ्या ओट्यावर बसलो, खांबाला टेकून, तू बसायचास तिथे. इतक्या वर्षांत मी या बाजूने माझ्या ओट्याकडे कधी बघितलंच नव्हतं. इथून सगळं दिसतं, हिरा. कोण हसतंय, कोणाची पाळी आहे, सगळं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी येऊन बसतो. वहिनी चहा बाहेरच पाठवतात. आखाजीला अजून साडेपाच महिने आहेत.